हवाई भाषेचीं बारा अक्षरें

भूगोलाच्या तासास पॅसिफिक महासागराचा नकाशा भिंतीवर टांगला, कीं एखादा तरी विद्यार्थी उठून विचारतो, "सर, हीं बेटें काय हवेंत आहेत? मग त्यांना हवाई कां म्हणतात?" वर्ग हंसतो, शिक्षकहि हंसतात आणि धडा पुढें चालू होतो. यंदा आठवीच्या वर्गांत हाच प्रश्न निघाला, तेव्हां मीं मात्र धडा थोडा वेळ बाजूस ठेवला. या नांवाचा हवेशीं कांहींएक संबंध नाहीं हें खरें. पण आपण तें ज्या रीतीनें उच्चारतों त्या रीतीनें त्या बेटांचे मूळ रहिवासीहि तें उच्चारीत नाहींत. त्यांच्या तोंडीं तें चार तुकड्यांचें आहे: हा-वा-इ-इ, आणि शेवटच्या दोन 'इ'कारांच्या मध्यें एक व्यंजन आहे. तें आपल्या कानास व्यंजन म्हणून ऐकूं येत नाहीं, आपल्या वर्णमालेंत त्यास अक्षर नाहीं, आणि ज्या विद्वान् व सच्छील मंडळींनीं त्या भाषेस प्रथम लेखनपद्धति दिली, त्यांनींहि त्यास अक्षर दिलें नाहीं. त्या एका न लिहिलेल्या व्यंजनामुळें पुढें काय घडलें, तें वर्गांत अर्ध्या तासांत सांगून झालें नाहीं, म्हणून येथें लिहीत आहें.

हवाई भाषा ज्या कुलांतील आहे त्यास ऑस्ट्रोनेशियन असें म्हणतात. पश्चिमेस आफ्रिकेजवळील मादागास्कर, पूर्वेस दक्षिण अमेरिकेच्या वाटेवरील ईस्टर बेट, उत्तरेस तैवान आणि दक्षिणेस न्यूझीलंड, एवढ्या अफाट जलप्रदेशांत या कुलांतील १२०० हून अधिक भाषा पसरल्या आहेत. त्यांचें मूळ घर तैवान असावें, असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेथून निघून, तारे व लाटा यांच्या खुणा पाहत, हे लोक होड्यांतून बेटामागून बेट वसवीत गेले. नातें ओळखण्यास एकच शब्द पुरे होईल. पांच या संख्येस मलायी भाषेंत 'लिमा', मादागास्करांत 'दिमि', न्यूझीलंडच्या माओरी भाषेंत 'रिमा' आणि हवाईंत पुन्हां 'लिमा' असें म्हणतात. हवाईंत याच शब्दाचा दुसरा अर्थ 'हात' असा आहे. तेव्हां ही संख्या मनुष्य कोठून शिकला तें निराळें सांगावयास नको. या कुलांतील मलायीसारख्या भाषा कोट्यवधि लोक बोलतात. हवाई मात्र आज लहान भाषा आहे. पिढ्यान् पिढ्या मध्यें खंड न पडतां ती घरांत चालत आली आहे असा समाज एका लहानशा बेटावरच उरला आहे.

आतां तिची वर्णमाला पाहूं. आपल्या वर्णमालेंत 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजनें आहेत. हवाईंत अवघीं ८ आहेत. ओठांचीं 'प', 'म' आणि 'व', जिभेच्या टोकानें होणारीं 'न' आणि 'ल', जिभेच्या मागील भागाचें 'क', मग 'ह', आणि आठवें तें, ज्याची ही गोष्ट आहे. 'ख', 'घ', 'छ' यांसारखें एकहि महाप्राण व्यंजन तींत नाहीं. 'ग', 'ज', 'द', 'ब' हीं मृदु व्यंजनें नाहींत. च-वर्ग नाहीं, ट-वर्ग नाहीं, 'र' नाहीं, 'स' व 'श' नाहींत. फार काय, ज्याच्यावांचून एखादी भाषा चालूं शकेल असें आपल्या मनांतहि येणार नाहीं, त्या 'त'ला तिच्या आजच्या लेखनांत जागा नाहीं. स्वर पांच: आ, ए, इ, ओ, उ, आणि प्रत्येक स्वर ऱ्हस्वहि असतो व दीर्घहि असतो.

शब्दरचनेचा नियमहि साधा आहे. शब्दाचा प्रत्येक अवयव, म्हणजे एका दमांत उच्चारला जाणारा प्रत्येक तुकडा, स्वरानेंच संपला पाहिजे, आणि दोन व्यंजनें एकमेकांस चिकटतां कामा नयेत. अर्थात् जोडाक्षर ही वस्तुच तेथें नाहीं. शुद्धलेखनाच्या वहींत 'उज्ज्वल' आणि 'तत्त्व' यांनीं छळलेल्या माझ्या विद्यार्थ्यांस हें ऐकून त्या बेटांतील मुलांचा भारी हेवा वाटला.

इतक्या थोड्या सामग्रीवर परक्या भाषेंतील शब्द घरांत घ्यावयाचा म्हणजे त्याचा वेष पार बदलावा लागतो. इंग्रजी 'ख्रिसमस' हा शब्द हवाईंत 'कालिकिमाका' झाला. 'क्रि' हें जोडाक्षर फोडून 'कालि' झालें. 'स' नाहीं म्हणून त्याच्या जागीं 'क' आला, त्याला उभें राहण्यास स्वर पाहिजे म्हणून 'कि' झालें. आणि 'मस'चें त्याच रीतीनें 'माका' झालें. 'सोप' म्हणजे साबण, त्याचें 'कोपा', 'राइस'चें 'लाइकि', 'बुक'चें 'पुके', 'बायबल'चें 'पाइपाला'. रेल्वेच्या 'तिकिटा'चा इंग्रजी शब्द तर तेथें 'किकिकि' असा होऊन बसला आहे. डेव्हिड नांवाच्या मनुष्यास तेथें 'काविका' म्हणून हाक मारतात, आणि तो ओ देतो.

हें वाचून हंसूं येतें. पण हंसणाऱ्यानें आधीं आपल्याच तोंडाकडे पाहावें. 'स्टेशन'चें 'इस्टेशन' आणि 'स्कूल'चें 'इस्कूल' आपल्या गांवोगांवीं झालेलें आहे. इंग्रजांचा 'टी' हा आपला 'ट'हि नव्हे व 'त'हि नव्हे, तरी आपण निःशंकपणें 'टेबल' म्हणतों आणि आपला उच्चार बरोबर आहे असें समजतों. इंग्रजींत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हीं दोन व्यंजनें अगदीं वेगळीं आहेत. आपण दोहोंसाठीं एकच 'व' वापरतों, आणि आमच्यापैकीं इंग्रजी शिकविणाऱ्यांच्याहि कानास तो भेद पुष्कळदां जाणवत नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें. गंमत अशी कीं, हवाई लोकांचें या बाबतींत आपल्याशींच जमतें. त्यांचा 'व' कधीं एका इंग्रजी व्यंजनासारखा तर कधीं दुसऱ्यासारखा निघतो, आणि बोलणाऱ्यास त्याचें भान नसतें. कान हा केवळ ऐकण्याचें इंद्रिय नाहीं. तो एक चाळण आहे, आणि तिचीं भोकें लहानपणीं आईच्या भाषेनें पाडलेलीं असतात.

आतां आठवें व्यंजन. तोंड उघडें ठेवून 'आ' म्हणावें. खोकला येण्यापूर्वीं गळा जसा आंतून मिटतो तसा तो मध्येंच क्षणभर मिटावा आणि पुन्हां 'आ' म्हणून उघडावा. लहान मूल 'औषध नको' हें तोंड न उघडतां ज्या दुहेरी हुंकारानें सांगतें, त्याच्या मध्यावरहि हाच अडथळा असतो. 'प' म्हणतांना वारा ओठांशीं अडतो, 'क' म्हणतांना टाळूच्या मागील भागाशीं अडतो; येथें तो कंठांत, स्वरतंतूंपाशींच अडतो. म्हणून शास्त्रीय दृष्टीनें तें 'प' आणि 'क' यांच्या पंक्तीस बसणारें पुरें स्पर्शव्यंजन आहे. नुसता विराम नव्हे. हवाई भाषेंत त्याच्या चिन्हास 'ओकिना' म्हणतात, म्हणजे तोडणें, खंड पाडणें. या लेखांत तें मी ’ या खुणेनें दाखवितों. नागरींत लिहितांना दुसरीहि एक अडचण येते. हवाईचा ऱ्हस्व 'आ' आपल्याकडे वेगळा नाहीं. म्हणून साधा काना तो ऱ्हस्व समजावा, आणि दीर्घासाठीं पुढें ऽ ही खूण समजावी.

या खुणा घेऊन कांहीं शब्द वाचून पाहा. 'मोआ' म्हणजे कोंबडी. 'मो’आ' म्हणजे शिजलेलें. 'मोआ मो’आ' म्हटलें तर शिजलेली कोंबडी. 'आओ' म्हणजे दिवसाचा उजेड. 'आ’ओ' म्हणजे शिकणें व शिकविणें. 'कानाका' म्हणजे एक मनुष्य. 'काऽनाका' म्हणजे पुष्कळ माणसें. 'वाहिने' स्त्री, 'वाऽहिने' स्त्रिया. '’आइना' म्हणजे जेवण आणि '’आऽइना' म्हणजे जमीन, मायभूमि. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चार शब्दांचें आहे: 'पाउ' म्हणजे संपलें, 'पा’उ' म्हणजे काजळी, 'पा’ऊ' म्हणजे ओलसर, आणि 'पाऽ’ऊ' म्हणजे बायकांचें नेसावयाचें वस्त्र. फळ्यावर हे चार शब्द लिहून मीं वर्गाकडून वाचवून घेतले. पहिल्या दिवशीं चारहि शब्द एकच निघाले. तिसऱ्या दिवशीं मागच्या बांकावरच्या एका मुलास चारहि निरनिराळे साधले. बरेच दिवस तो खोकल्याचें ढोंग करीत असल्याचा मला संशय होता, तो त्या दिवशीं फिटला.

पण या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती एक लहानशी जोडी: 'कोउ' आणि 'को’उ'. 'कोउ हाले' म्हणजे तुझें घर. 'को’उ हाले' म्हणजे माझें घर. माझें आणि तुझें यांतील सारें अंतर त्या कंठांतील एका क्षणाच्या अडथळ्यावर उभें आहे.

एखाद्या भाषेंत ध्वनि थोडे असले कीं प्रत्येकावर ओझें अधिक पडतें. हिशेब करून पाहा. ८ व्यंजनांपैकीं एक व ५ स्वरांपैकीं एक असे जोडले आणि व्यंजनावांचून नुसता स्वरहि धरला, तर ४५ तुकडे होतात. दीर्घ स्वर निराळे मोजले तर ९०. जोडस्वर मिळविले तरी ही संख्या फार मोठी होत नाहीं. एवढ्यांतूनच सारे शब्द घडवावयाचे. त्यामुळें पुष्कळ शब्द लांब होतात, आणि तेच तुकडे पुन्हां पुन्हां येतात. तेथें एका माशाचें नांव 'हुमुहुमुनुकुनुकुआऽपुआ’आ' असें आहे. अर्थ एवढाच, कीं हुमुहुमु जातीचा, डुकरासारखें नाकाड असलेला मासा. आपल्या ३४ व्यंजनांतून एखादें गळालें तर कांहीं शब्दांची गल्लत होईल. ८ मधून एक गळालें तर तें आपलीं चार व्यंजनें एकदम पुसून टाकल्यासारखें आहे.

हें व्यंजन आलें कोठून, तेंहि पाहण्याजोगें आहे. हवाईचे शब्द माओरीच्या शब्दांशेजारीं ठेवावे. माओरींत मासा म्हणजे 'इका', हवाईंत 'इ’आ'. होडी 'वाका', हवाईंत 'वा’आ'. सरदार 'आरिकि', हवाईंत 'आलि’इ'. म्हणजे जेथें जेथें जुना 'क' होता तेथें तेथें हवाईंत कंठांतील अडथळा आला. 'क' घशांत खालीं घसरला म्हणा ना. मग 'क'ची जागा रिकामी झाली आणि तेथें 'त' येऊन बसला. माओरी 'तापु', म्हणजे निषिद्ध, हवाईंत 'कापु' झालें. माओरी 'तांगाता', म्हणजे मनुष्य, त्याचें 'कानाका' झालें. दोन मुलांनीं बांकावर एकएक जागा सरकावें, पण कोणी कोणाच्या मांडीवर बसूं नये, तसा हा प्रकार आहे. भेद कायम राहिले. जागा तेवढ्या बदलल्या. माओरी लोकांच्या दंतकथांत त्यांच्या पूर्वजांच्या मूळ भूमीस 'हावाइकि' असें म्हटलें आहे. त्यांतील 'क' काढून तेथें कंठांतील अडथळा घातला, कीं 'हावाइ’इ' होतें. वर्गांतील प्रश्नाचें अर्धें उत्तर हें झालें.

'त'चा 'क' होण्याची ही क्रिया अठराव्या शतकाच्या शेवटीं, युरोपीय गलबतें तेथें पोहोंचलीं तेव्हां, पुरी झालेली नव्हती. मोठ्या हवाई बेटावर 'क' अधिक ऐकूं येई, उत्तरेकडील बेटांत 'त'. आणि गमतीची गोष्ट अशी, कीं कोणत्याहि हवाई मनुष्यास हा भेद महत्त्वाचा वाटत नसे, कारण त्यानें अर्थांत फरक पडत नव्हता. परक्यांस मात्र तो मोठा वाटे. कॅप्टन कुक १७७८ सालीं तेथें आला. त्यावेळच्या व पुढच्या इंग्रजी पुस्तकांत हवाईचें नांव 'ओव्हायही'सारख्या अक्षरांत, आणि सर्व बेटें एका सत्तेखालीं आणणाऱ्या कामेहामेहा राजाचें नांव 'तामेहामेहा' असें लिहिलेलें सांपडतें. 'ओव्हायही'तील पहिला 'ओ' हा तर नांवाचा भागच नव्हे. तो 'हें अमुक आहे' असें सांगतांना नांवामागें लागणारा एक स्वतंत्र लहान शब्द आहे.

आतां लेखनाची गोष्ट, आणि तिचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. १८१० सालीं अमेरिकेंत बोस्टनकडे जें मिशनरी मंडळ स्थापन झालें, त्यानें पाठविलेले गॉर्डन हॉल व त्यांचे सहकारी १८१३ सालीं मुंबईस उतरले. मराठी मिशनचा आरंभ तो. त्याच मंडळाची दुसरी तुकडी १८१९ सालीं बोस्टनहून 'थॅडिअस' नांवाच्या गलबतांतून निघाली व १८२० सालीं हवाई बेटांस लागली. एकाच मंडळाचीं, एकाच भाषेवर वाढलेलीं माणसें दोन ठिकाणीं गेलीं. पण दोहोंकडील काम अगदीं निराळें निघालें. मुंबईस आलेल्यांस येथें शतकानुशतकें चालत आलेली लिपि तयार मिळाली. कोणते ध्वनि वेगळे मानावयाचे हा प्रश्न त्यांच्याकडे आलाच नाहीं; 'त' आणि 'ट', 'क' आणि 'ख' हीं अक्षरें समोर होतीं, आणि आपला कान त्यांस लावून घेणें हेंच त्यांचें काम होतें. हवाईस लिपि नव्हती. तेथें कानानेंच सारें ठरवावयाचें होतें.

तेथील छापखान्यांतून ७ जानेवारी १८२२ रोजीं पहिला कागद निघाला. तो अक्षरओळखीचा धडा होता, आणि छापण्याचा दांडा एका हवाई सरदारानें स्वतः ओढला. त्या वेळच्या अक्षरांत 'प' आणि 'ब' दोन्ही होते. 'ल', 'र' आणि 'द' तीनहि होते. 'क' आणि 'त' होते. इंग्रजीचे दोन्ही 'व' होते. ज्यास जसें ऐकूं येई तसें तो लिही. एकाच गांवाचें नांव कोणी 'होनोरुरु' लिही, कोणी 'होनोलुलु'. अखेर १८२६ सालीं मंडळींनीं एकेका अक्षरावर मतें घेतलीं. जीं अक्षरें एकमेकांच्या जागीं घातलीं तरी हवाई मनुष्यास अर्थांत फरक वाटत नाहीं, त्यांतील एकच ठेवावें असें ठरलें. 'ब' गेला, 'द' व 'र' गेले, 'त' गेला, एक 'व' गेला. पांच स्वर व सात व्यंजनें मिळून बारा अक्षरें उरलीं. या निर्णयाबद्दल मला मोठा आदर वाटतो. आपल्या कानास दोन वाटणारी गोष्ट दुसऱ्यांच्या भाषेंत एकच असूं शकते, हें ओळखून स्वतःच्या कानाविरुद्ध मत देणें सोपें नाहीं. 'अर्थांत फरक पडतो तेवढाच ध्वनि वेगळा' हें तत्त्व भाषाशास्त्रांत रुजण्याच्या कितीतरी आधीं त्यांनीं तें वापरलें. बारा अक्षरें शिकण्यास किती वेळ लागणार? थोड्या वर्षांत म्हातारेकोतारेहि वाचूं लागले, आणि १८३९ सालीं संपूर्ण बायबल हवाईंत झालें.

पण त्याच तत्त्वाची दुसरी बाजू सुटली. जें त्यांस ऐकूं येत होतें व हवाई लोकांस भेद वाटत नव्हता तें त्यांनीं बरोबर गाळलें. जो भेद हवाई लोकांस होता व स्वतःच्या कानास नीट पकडतां येत नव्हता, त्यास अक्षर दिलें नाहीं. कंठांतील अडथळा इंग्रजींतहि बोलतांना येतो, पण त्यानें शब्द बदलत नाहीं, म्हणून इंग्रजी कानास तो व्यंजन वाटत नाहीं. वाटतो नुसता दम घेतल्यासारखा. दीर्घ स्वरांचीहि तीच गत झाली. त्यांस मुळींच कळलें नाहीं असेंहि नाहीं. 'माझें' आणि 'तुझें' यांची गल्लत करून चालणार नव्हतें, म्हणून 'को’उ'मध्यें ते एक लहान खूण घालीत, आणि बायबलांतहि ती घातलेली आहे. एका शब्दापुरतें ऐकूं आलें. साऱ्या भाषेंत तोच ध्वनि ठिकठिकाणीं आहे, हें मात्र अक्षरांच्या यादींत उतरलें नाहीं.

त्यांस दोष देण्यापूर्वीं एक कल्पना करून पाहावी. समजा, मराठीस लिपि नसती आणि मुंबईस उतरलेल्या मंडळींनीं १८२६ सालीं आपल्याहि अक्षरांवर मतें घेतलीं असतीं. 'ताट' आणि 'ताठ', 'वात' आणि 'वाट', 'काल' आणि 'खाल' हीं एकाच अक्षरांनीं लिहिलीं गेलीं नसतींच, असें कोण म्हणेल? त्याचा नमुना शाळेच्या इंग्रजी हजेरीपटांत रोज दिसतो. तेथें 'काळे' आणि 'काले' एकाच चार रोमन अक्षरांत बसतात, आणि नवा शिक्षक पहिल्या दिवशीं कोणास तरी चुकीची हाक मारतो. (त्याच चार अक्षरांचें नांव हवाईंतहि आहे, तेथें तो चार्ल्स होय.)

खुणा नसल्यामुळें हवाई लोकांचें मात्र पुष्कळ वर्षें कांहीं अडलें नाहीं. ज्यास भाषा येते तो अक्षरांत नसलेलें स्वतःच भरून घेतो. आपणहि हेंच करतों. 'जरा थांब' यांतील 'जरा' आणि 'जरा म्हणजे म्हातारपण' यांतील 'जरा' यांचे 'ज' उघड वेगळे आहेत; 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांचेहि वेगळे आहेत. लिहितों एकच, आणि मराठी मूल कधीं चुकत नाहीं. तसें हवाई वाचक 'पाउ' हा लेख पाहून वाक्यावरून चारांपैकीं कोणता शब्द तें ओळखीत. १८३१ सालीं माउइ बेटावर लाहाइनालुना येथें मिशनची शाळा निघाली, आणि १८३४ सालीं तेथील विद्यार्थ्यांसाठीं 'का लामा हवाई', म्हणजे 'हवाईचा दीप', हें पत्र निघालें. त्या भाषेंतील पहिलें वर्तमानपत्र तें. पुढें शंभराच्या आसपास वर्तमानपत्रें निघालीं. कथा, वंशावळी, दर्यावर्दींच्या हकीकती, राजकारण, भांडणें, मृत्युलेख, सारें त्यांत छापलें गेलें. एकंदर पानें लाखाहून अधिक भरतात.

मग दिवस पालटले. १८९३ सालीं राज्य उलथलें. १८९६ सालीं कायद्यानें इंग्रजी हेंच शाळांचें माध्यम झालें. शाळेंत हवाई बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी पुढें वृद्धांनीं सांगून ठेवल्या आहेत. एक शिक्षक म्हणून त्या वाचतांना मला संकोच होतो. आईबापांनींहि मुलांच्या हितासाठीं म्हणून घरांत इंग्रजी धरली. १९४८ सालीं त्या मालिकेंतील शेवटचें हवाई वर्तमानपत्र बंद पडलें. भाषा तोंडांतून जाऊन कागदावर राहिली, आणि तेव्हां कागदावरची उणीव उघडी पडली. आजीकडून न शिकतां पुस्तकावरून शिकणाऱ्या नातवास 'मोआ' म्हणजे कोंबडी कीं शिजलेलें, हें कोण सांगणार? त्या बेटांपैकीं एकाचें नांव 'लाऽना’इ' असें आहे. खुणा न घालतां लिहिल्यामुळें परके लोक तें 'लाऽनाइ' असें वाचूं लागले, आणि 'लाऽनाइ' म्हणजे घरापुढील पडवी!

या व्यंजनाची बाजू कोणी घेतलीच नाहीं असें मात्र नव्हे. मिशनरी घराण्यांत, होनोलुलु येथेंच १८३३ सालीं जन्मलेले विल्यम डिविट अलेक्झांडर यांनीं १८६४ सालच्या आपल्या लहानशा व्याकरणांत हें खरें व्यंजन आहे असें दाखविलें. बाप पोक्तपणीं परका कान घेऊन आला होता. मुलगा त्या भाषेच्या आवाजांतच वाढला. पण छापण्याची रीत पडून गेली होती. पुढें मेरी कावेना पुकुइ या बाईंनीं सॅम्युएल एल्बर्ट यांच्या साह्यानें १९५७ सालीं जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यांत प्रत्येक शब्दास दोन्ही खुणा नियमानें घातलेल्या आहेत. पुकुइबाई १८९५ सालीं जन्मल्या. त्यांची आई हवाई व बाप अमेरिकन होता, आणि लहानपणीं त्यांस जुन्या वळणाच्या आजीनें वाढविलें होतें. कोणत्या शब्दांत गळा मिटतो हें त्यांस पुस्तकांत पाहावें लागलें नाहीं. असें सांगणारीं माणसें हयात असतांना तें काम झालें, ही केवढी गोष्ट!

१९७८ सालीं राज्यघटनेनें हवाईस इंग्रजीबरोबर राजभाषेचा मान दिला. त्या सुमारास अठरा वर्षांच्या आंतील हवाई बोलणारीं मुलें पन्नासहि नव्हतीं, असें तेथील बालशाळा काढणारे सांगतात. १९८३ सालीं त्यांनीं 'पूनाना लेओ', म्हणजे 'भाषेचें घरटें', ही संस्था काढली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांतहि हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले. त्या वर्गांत वर्णमाला तेरा अक्षरांची शिकवितात. तेरावें अक्षर '’ओकिना'. आरंभीं ज्या लहान बेटाचा उल्लेख केला तें नि’इहाउ. तेथील लोक घरांत आजहि खुशाल 'त' म्हणतात, आणि खुणांची पर्वाहि फारशी करीत नाहींत. त्यांस त्याची गरज नाहीं.

जुनीं वर्तमानपत्रें अलीकडे नव्यानें वाचलीं जात आहेत. वाक्यें असतील तेथें शब्द ओळखतां येतो. मागेंपुढें पाहून 'पाउ'च्या चार अर्थांतील एक निवडतां येतो. अडतें तें विशेषनामांपाशीं. एखाद्या ओढ्याचें, शेताचें, वाऱ्याचें किंवा पावसाच्या सरीचें नांव छापलेलें असतें, आणि गळा कोठें मिटावयाचा, स्वर कोठें लांबवावयाचा हें त्यावरून कळत नाहीं. त्यामुळें अर्थहि ठरत नाहीं. त्या त्या गांवीं तें नांव तोंडानें घेणारा एखादा म्हातारा असला तर त्यास विचारतात. पुष्कळ गांवीं आतां असा कोणी राहिलेला नाहीं.